खांबावरच्या पेट्या

केळी पॅक करणाऱ्या शेडमध्ये कुणाचेच हात दिवसभर कोरडे नसतात. घड आला की त्याच्या फण्या सोडवायच्या, हौदात टाकायच्या, चीक धुऊन निघाला की निथळवायच्या, वजन करायचं, पेटीत रचायच्या, झाकण दाबायचं आणि पेटीच्या कडेला बारकोडचा स्टिकर लावायचा. ओल्या बोटांनी स्टिकर रोलवरून सुटत नाही. सुटला तर बोटालाच चिकटून बसतो. म्हणून आमच्या बायकांनी स्वतःच एक रीत पाडली होती. हात ओले व्हायच्या आधी बरेचसे स्टिकर सोडवून घ्यायचे आणि अंगातल्या प्लॅस्टिकच्या ॲप्रनवर छातीपासून पोटापर्यंत ओळीने चिकटवून ठेवायचे. पेटी तयार झाली की एक उचकटला, लावला, पुढची पेटी. हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं आणि कुणी मनाही केलं नव्हतं. मीही रोज बघायचे. कामाला वेग येतो एवढंच मला त्यात दिसायचं.

शेड जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मी तिथे डिस्पॅच बघते. माल कुठल्या शेतकऱ्याचा, किती पेट्या भरल्या, किती कोल्ड रूममध्ये गेल्या, कंटेनरमध्ये काय चढलं, हे माझं काम. परदेशातल्या खरेदीदाराला प्रत्येक पेटी कुठल्या शेतातून आली हे कळायला लागतं. त्यामुळे प्रत्येक स्टिकरचा नंबर वेगळा असतो, आणि एका शेताचे स्टिकर दुसऱ्या शेताच्या पेटीला चालत नाहीत.

आमच्याकडे तीन लाइनी आहेत. दोन लाइनींवर बारकोड वाचणाऱ्या हातातल्या गनने पेट्या मोजतात. तिसऱ्या लाइनीच्या शेवटी शेठनी आपोआप बारकोड वाचणारं यंत्र बसवून घेतलं होतं. पेटी रोलरवरून समोर आली की ते नंबर वाचायचं आणि कॉम्प्युटरवर एक पेटी वाढायची. पेटी उंच असली, बुटकी असली किंवा जरा तिरकी आली की ते गोंधळायचं आणि काहीच वाचायचं नाही. मग कोल्ड रूमच्या दाराशी ती पेटी गनने वाचून घ्यावी लागायची. याची आम्हाला सवय झाली होती. पण नंतर उलटंही व्हायला लागलं. तिसऱ्या लाइनीवर भरलेल्या म्हणून ज्या पेट्या कॉम्प्युटर दाखवायचा, त्यातल्या काही कोल्ड रूममध्ये पोचतच नव्हत्या. रोज दोन-चार, कधी जास्त. यंत्राने कमी वाचलं तर यंत्राचा दोष आणि जास्त वाचलं तर माणसाचा, असं आमच्याकडे कसं कोण जाणे ठरून गेलं होतं.

तिसऱ्या लाइनीची मुख्य म्हणजे अक्का. पाचोऱ्याकडच्या एका खेड्यातून बायकांचा टेम्पो येतो, त्यात ती सगळ्यात जुनी. झाकण दाबणं आणि स्टिकर लावणं हे शेवटचं काम तिचं, कारण तिने बंद केलेली पेटी पुन्हा उघडावी लागत नाही. तिच्या जागेमागेच शेडचा मागचा दरवाजा, आणि दरवाज्याबाहेर तो टेम्पो उभा. एवढं शेठना पुरलं. मंगळवारी चालू कामात, सगळ्या बायकांदेखत, ते तिला म्हणाले, "अक्का, घरी जा. शनिवारी दुपारी या. तोवर पेट्या कुठे गेल्या ते आठवलं तर ठीक, नाहीतर इथलं काम संपलं."

अक्काने ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला. ती एकच वाक्य बोलली. "मन्हा घर चाला, बठ्ठं घर देखी ल्या." तिचं घर बघायला कुणी गेलं नाही. पुढचे दिवस तिचा ॲप्रन तिथेच लटकत होता आणि त्या बाजूला बघायचं सगळ्याजणी टाळत होत्या.

शनिवारी सकाळी धुळ्याहून एक इंजिनीअर आला. जुनं यंत्र काढून नवीन पद्धतीचा कॅमेरा लावून बघायचा होता, आणि ती ट्रायल बघायला शेठ स्वतः येणार होते. सकाळीच त्यांचा फोन आला होता, "ताई, शेड सगळी धुऊन घ्या. पाहुण्यांना दाखवण्यासारखी पाहिजे." मी दोघींना प्रेशरचा पाइप देऊन कामाला लावलं. संध्याकाळी कंटेनरही जायचा होता. म्हणजे ट्रायल, कंटेनर आणि अक्काचा निकाल, सगळं एकाच दुपारी.

इंजिनीअर पस्तिशीचा असेल. बोलणं भरभर, हात त्याहून भरभर. त्याने रोलरच्या पलीकडे स्टँडवर कॅमेरा बसवला आणि लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, हा आधीच्यासारखा नाही. हा आधी अंतर बघतो, मग कोड."

"अंतर कसलं?"

"समोरच्या प्रत्येक ठिपक्याचं. हा एक प्रकाश सोडतो, आपल्याला दिसत नाही तो. तो आपटून परत येतो, त्यावरून कुठली वस्तू किती लांब हे त्याला कळतं. पेटी तिरकी आहे, वळलेली आहे, बुटकी आहे, सगळं कळतं. मग तो मनातल्या मनात कोड सपाट करून घेतो आणि वाचतो."

"मन आहे त्याला?"

"नाही. म्हणून तर कंटाळत नाही."

पडद्यावर दोन चित्रं होती. एक नेहमीचं आणि एक रंगांचं. रंगांच्या चित्रात जवळचं लाल, त्यामागचं पिवळं आणि लांबचं निळं. रोलरवरची पेटी लाल दिसायची, पेटीपलीकडे उभी असलेली बाई पिवळी, मागची भिंत निळी. कोड वाचला की त्याच्याभोवती हिरवी चौकट यायची आणि खाली आकडा वाढायचा. उंच पेटी आली, बुटकी आली, मुद्दाम तिरकी करून पाठवली, सगळ्या वाचल्या. मला बरं वाटलं. कोल्ड रूमच्या दारातली कटकट संपणार होती.

अक्काच्या जागी एक तरुण बाई उभी होती. ती पेटीवर ओणवी झाली, हात लांब करून कॅमेऱ्याच्या बाजूला स्टिकर लावला, पेटी पुढे गेली. आकडा एकाने वाढला. मग रोलर क्षणभर रिकामा होता आणि आकडा पुन्हा एकाने वाढला.

"ही पेटी कुठे आहे?" मी विचारलं.

"ही पेटी नाही, मॅडम. मागचं काहीतरी वाचलं त्याने. अजून अंतराची मर्यादा घातलेली नाही ना. एक मिनिट, गाळून टाकतो."

त्याचा हात बटणांकडे गेला. मी पडद्यावर बघत होते. हिरवी चौकट लालवर नव्हती, पिवळ्यावर होती. बाईच्या पोटावर.

"हात काढा," मी म्हणाले.

"काय?"

"हात काढा त्याच्यावरून. काही गाळू नका."

मी त्याला ते पुन्हा दाखवायला लावलं. त्याने मागे जाऊन ते चित्र थांबवलं. ॲप्रनवरची स्टिकरची ओळ, त्यातला वरून तिसरा, आणि त्याभोवती हिरवी चौकट. स्टिकर लावायला बाई पुढे ओणवली की ॲप्रन कॅमेऱ्याच्या नजरेत यायचा. कॅमेऱ्याला पेटी आणि पोट यांत फरक सांगितलेला नव्हता. जुन्या यंत्राला तर तो सांगताच येत नव्हता.

एवढ्याने भागत नव्हतं. ॲप्रनवरचा स्टिकर नंतर पेटीवर लागला, तर तोच नंबर दुसऱ्यांदा येतो आणि कॉम्प्युटर तो मोजत नाही. मग हिशेब बरोबरच राहतो. पेटी हरवण्यासाठी, वाचला गेलेला स्टिकर पेटीवर कधीच न लागणं गरजेचं होतं. तो गेला कुठे?

"मॅडम, शेठ येणार आहेत," इंजिनीअर म्हणाला. "ही ट्रायल आहे. समोर आकडा चुकला तर ते म्हणतील, हेपण मशीन बोगस. मी आता मर्यादा घालतो, सगळं स्वच्छ दिसेल. तुमचं जे काय आहे ते नंतर बघा."

"नंतर बघायला काही उरणार नाही. आता जे चुकतंय तेच मला त्यांना दाखवायचंय."

"माझी नोकरी आहे हो."

"एका बाईची आज दुपारी जाणार आहे."

"आणि मला पार्सल करून धुळ्याला पाठवलं तर?"

"मीही धुळ्याचीच. बरोबर जाऊ. नका हात लावू."

त्याने वैतागून हात मागे घेतले. माझ्यावर विश्वास ठेवावा असं त्याच्याजवळ काहीच कारण नव्हतं. तसं बघितलं तर माझ्याजवळही अजून अर्धीच गोष्ट होती.

शेठ आले तेव्हा अक्का आधीच येऊन मागच्या दरवाज्याशी उभी होती. एकटीच. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. आत ये असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून ती उंबऱ्याबाहेर होती. शेठनी तिच्याकडे बघितलं आणि सरळ कॅमेऱ्याशी गेले.

मी वेळ घालवला नाही. थांबवलेलं चित्र दाखवलं, मग चालू लाइन दाखवली. नशिबाने बाई ओणवली आणि आकडा पेटीशिवाय वाढला. शेठ बघत राहिले.

"हे मशीन चुकतंय," ते म्हणाले.

"चुकत नाही, साहेब," इंजिनीअर घाईने म्हणाला. "मर्यादा घातली की फक्त पेटीच्या अंतरावरचं वाचेल. मॅडमनीच घालू दिली नाही."

शेठ माझ्याकडे वळले. "ताई, संध्याकाळी कंटेनर आहे. हा काय खेळ चाललाय?"

"जुनं यंत्रही हेच करत होतं. बाईच्या अंगावरचे स्टिकर पेट्या म्हणून मोजत होतं. त्या पेट्या कोल्ड रूममध्ये कशा पोचतील? त्या कधी भरल्याच नव्हत्या."

"हे आजचं झालं. त्या हरवलेल्या पेट्यांचं असंच झालं, हे कशावरून? असं होऊ शकतं आणि असं झालं, यात फरक आहे."

फरक होता. मी दरवाज्याकडे गेले.

"अक्का, एक सांगा. एका शेतकऱ्याचा माल संपला आणि अंगावर स्टिकर उरले, तर त्यांचं काय करता?"

"लावतस नही," ती म्हणाली. तिला वाटलं मी दुसराच आरोप करतेय. "दुसराना मालवर लावू का? तसं कधीच कयं नही."

"नाही लावत, मला माहीत आहे. मग टाकता कुठे? कचऱ्यात?"

"वला हातले चिटकतस, खाले पडतस. मोरी तुंबी जास. म्हनीसन आम्ही तठे चिटकाडी देतस."

तिने पिशवीवाला हात वर करून दाखवलं. हौदामागे छताला आधार देणारा लोखंडी पाइपाचा गोल खांब आहे. कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत तो पांढुरका, खरबरीत झाला होता. एकावर एक बसलेले स्टिकर. तो खांब आम्ही सगळ्यांनी रोज बघितला होता. आणि त्याच क्षणी प्रेशरचा पाइप घेतलेली बाई हौदामागून त्या खांबाशी पोचली होती. खालचा भाग तिने धुऊन चकचकीत केला होता आणि पाण्याचा झोत वर चालला होता.

"पाणी बंद कर!" मी ओरडले.

रोलरच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. मी धावत जाऊन तिच्या हातातला पाइपच दुमडून धरला. झोत माझ्या साडीवर उडाला. ती बाई घाबरून म्हणाली, "तुम्हीच सांगितलं ना धुवायला!" खाली मोरीच्या जाळीवर पांढरा लगदा साचला होता. त्यातला एकही स्टिकर आता वाचण्याजोगा नव्हता.

वरचे होते. मी गन आणली आणि एका स्टिकरवर धरली. लाल रेघ खांबाच्या गोलाईवर वाकली, काही आवाज नाही. जवळून, लांबून, आडवी, उभी. काही नाही. स्टिकर गोल पाइपाला गुंडाळलेले, पाण्याने सुरकुतलेले. उचकटून सपाट करावा म्हटलं तर पहिलाच माझ्या हातात फाटला. दुसऱ्याला मी हात लावला नाही.

शेठ घड्याळ बघत होते. अक्का उंबऱ्याबाहेरच होती.

इंजिनीअर माझ्यामागे येऊन खांब बघत होता. कामाचा माणूस असला की अवघड काम समोर आल्यावर त्याचा चेहरा बदलतो. त्याचा बदलला. "गन नाही वाचणार," तो म्हणाला. "पण हे गोल आहे. गोल वाचणं हाच या कॅमेऱ्याचा धंदा आहे." तो गेला आणि स्टँडवरून कॅमेरा सोडवून, वायर ओढत, तो हातात धरून आला. मी लॅपटॉप आणला आणि पिंपावर ठेवला.

रंगांच्या चित्रात खांब उमटला, पण भोकं पडलेला. जागोजागी काळे डाग.

"पाणी," तो म्हणाला. "चकाकतंय. चकाकणाऱ्यावरून प्रकाश भलतीकडेच जातो, अंतर कळत नाही. कोरडं पाहिजे. पण घासायचं नाही."

कोण पुसणार, यावर आम्ही एकमेकांकडे बघतोय तोवर अक्का आत आली. कुणाला न विचारता फण्या टिपायचं मऊ फडकं दोरीवरून काढलं आणि खांबावर हलकंच दाबत, उचलत, दाबत वरून खाली आली. केळ्याच्या सालीवर डाग पडू नये म्हणून जसं टिपतात तसं. पुन्हा कोरडं फडकं घेतलं, पुन्हा टिपलं. आणि बाजूला सरली.

काळे डाग मिटत गेले. खांब पडद्यावर सलग लाल झाला, कडांना पिवळसर. इंजिनीअरने कॅमेरा अगदी हळू फिरवला. एक हिरवी चौकट आली.

नंबर मी कॉम्प्युटरवर शोधला. तो भरलेल्यात नव्हता, कोल्ड रूममध्येही नव्हता. कुठेच नव्हता.

"हा कधी वाचलाच गेला नव्हता," मी म्हणाले.

"म्हणजे हरवलेल्यातला नाही," शेठ म्हणाले.

"नाही."

अक्काला आमचं बोलणं कळलं की नाही माहीत नाही, पण शेठचा सूर कळला. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मागच्या बायकांनी काम थांबवलं होतं.

दुसरी चौकट. मी नंबर टाकला. बोटं ओली होती, एक आकडा चुकला, पुन्हा टाकला.

तिसऱ्या लाइनीवर भरली. कोल्ड रूममध्ये नाही.

मी लॅपटॉप शेठकडे फिरवला. त्यांनी स्वतः वाचलं. "पुढचा," ते म्हणाले. पुढचाही तसाच. मग एक कुठेच नसलेला, मग लागोपाठ दोन भरलेले आणि न पोचलेले. वरचा थर वाचून झाला की इंजिनीअर पातळ पट्टीने एक-एक स्टिकर सुटा करायचा आणि खालचा वाचायचा. शेठ आता घड्याळ बघत नव्हते. हरवलेल्या पेट्यांतल्या निम्म्याहून बऱ्याच जास्त त्या खांबावर निघाल्या. सगळ्या नाही.

"आणि बाकीच्या?" शेठनी विचारलं.

"त्या मोरीत गेल्या. सकाळी तुमचा फोन आला, शेड धुऊन घ्या म्हणून."

शेठनी खांबाभोवती एक चक्कर मारली, हौदाकडे बघितलं, मागच्या दरवाज्याकडे बघितलं. हिशेब करणाऱ्या माणसाला उरलेलं टोचत राहतं, तसं त्यांना टोचत होतं. मी थांबले. अजून काही बोलले असते तर त्यांनी त्या उरलेल्या पेट्यांनाच धरून ठेवलं असतं.

"बरं," ते शेवटी हळू आवाजात अक्काला म्हणाले, "सोमवारपासून या कामाला."

अक्का जागची हलली नाही. "काही ऐकू नही ई ऱ्हायनं."

"सोमवारपासून या म्हटलं."

"रोलर चालू शे. ऐकू नही ई ऱ्हायनं." मग तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. "बठ्ठास्ना समोर माले 'जा' सांगं. आते बठ्ठास्ना समोर 'ये' सांगा."

शेडमध्ये कुणीतरी खोकलं. शेठ माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी मध्ये बोलेन, तिला समजावेन म्हणून. मी रोलरच्या लाल बटणाशी गेले आणि ते दाबलं. शेड एकदम शांत झाली, नुसतं हौदात नळाचं पाणी पडत होतं. ते मात्र मी बंद केलं नाही. तेवढ्या आवाजावरून बोलणं शेठना जमण्यासारखं होतं.

त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते जातील असं मला वाटलं. गाडीची किल्ली त्यांनी खिशातून काढलीसुद्धा.

"अक्का," ते मोठ्याने म्हणाले, "पेट्या तुम्ही नेल्या नव्हत्या. कामाला या."

आणि मग गाडीकडे गेले.

बायकांत कुजबूज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "अक्का, तुन्हा पोटवर इतल्या पेट्या व्हत्या आणि आमले सांगं नही व!" हशा पिकला. अक्का हसली नाही. तिने पिशवी कोपऱ्यात ठेवली, खिळ्यावरचा ॲप्रन काढला, झटकला आणि अंगात घातला.

"सोमवारी म्हणाले ते," मी म्हणाले.

"कंटेनर आज शे ना?"

तिने रोल घेतला आणि कोरड्या बोटांनी स्टिकर सोडवून ॲप्रनवर लावायला घेतले. इंजिनीअरने ते बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. ॲप्रनवर स्टिकर लावू नका असं सांगणं सोपं होतं. ओल्या हातांनी मग काय करायचं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

"आता गाळा," मी त्याला म्हणाले.

त्याने कॅमेरा पुन्हा स्टँडवर बसवला आणि अंतर ठरवून दिलं. रोलर सुरू केला. पहिल्या पेटीआधी अक्का मुद्दाम पुढे ओणवली, ॲप्रन थेट कॅमेऱ्यासमोर धरला आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघितलं. तिचं पोट पिवळं होतं, त्यावर स्टिकरची पूर्ण ओळ होती. आकडा हलला नाही. ती तशीच धरून उभी राहिली. आकडा हलला नाही.

मी मान हलवली. ती सरळ झाली, पेटीचं झाकण दाबलं, स्टिकर लावला. आकडा एकाने वाढला.

कंटेनर उशिराच गेला.